पडलेल्यांचं काय करायचं? : तिसऱ्या शतकातला एक दाखला आणि आजची मंडळी



आजचं बोलणं एका दाखल्यापासून सुरू करू या.

इजिप्तच्या फय्यूम भागात 'अलेक्झांडरचं बेट' अशा अर्थाचं नाव असलेलं एक गाव होतं. तिथल्या डायोजेनिस नावाच्या एका म्हाताऱ्याने इसवी सन २५० मध्ये, २६ जूनला, गावातल्या सरकारी समितीपुढे अर्ज केला. वय ७२. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण. अर्जाचा आशय असा : मी देवांना नेहमीच बळी अर्पण करत आलो आहे. आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमक्ष बळी दिला, पेयार्पण केलं आणि बळीचं मांस चाखलं. तरी तसं खाली लिहून मिळावं, ही विनंती. पपायरसवरचा हा अर्ज १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर याच मजकुराचे, याच वर्षाचे असे चाळीसहून जास्त कागद इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडले आहेत.

आपल्यापैकी ज्यांनी तहसील कचेरीत रहिवासाचा दाखला काढला आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. नाव, बापाचं नाव, गाव, वय, खूण, साक्ष, तारीख. पण या दाखल्यावर माणसाचं जगणं-मरणं अवलंबून होतं. आणि या दाखल्यामुळे ख्रिस्ती मंडळीपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं मिटला नाही. प्रश्न साधा होता : जे संकटात टिकले नाहीत, पडले, त्यांचं काय करायचं?

आधी हा हुकूम का निघाला ते पाहू. २४८ साली रोम शहराच्या स्थापनेला हजार वर्षं झाल्याचा मोठा उत्सव झाला होता. पण साम्राज्याची हालत चांगली नव्हती. डॅन्यूब नदीपलीकडून गॉथ टोळ्या चालून येत होत्या, एकेक सेनापती स्वतःला सम्राट म्हणवून घेत होता. २४९ मध्ये डेशियस हा असाच एक सेनापती सम्राट झाला. देव रागावलेत, म्हणून हे दिवस आलेत. तेव्हा साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा, असा त्याचा हुकूम. हा हुकूम फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता. पेटेसूखोस या मगरदेवाच्या एका पुजारणीलाही असा दाखला घ्यावा लागला होता! पण इतरांना जे रोजचंच होतं, ते ख्रिस्ती माणसाला विश्वासाचा त्याग वाटत होतं.

पहिला घाव वरच्या लोकांवर पडला. २० जानेवारी २५० रोजी रोमचा बिशप फेबियन मारला गेला. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज हे मोठं शहर होतं. तिथला बिशप सिप्रियन मात्र शहर सोडून गुप्त ठिकाणी गेला. हे नाव लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट बरीचशी त्याचीच आहे. तो मूळचा वक्तृत्वाचा शिक्षक, सुखवस्तू, वयाने प्रौढ झाल्यावर ख्रिस्ती झालेला. बिशप होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

आता कार्थेजच्या चौकात काय घडलं, ते सिप्रियननेच पुढे लिहून ठेवलं आहे. ते वाचताना मन खाली जातं. शिपाई दारात येण्याची वाटही न पाहता लोक आपणहून चौकात धावले. संध्याकाळ झाली, आता उद्या या, असं अधिकारी सांगू लागले, तर लोकांनी विनवण्या केल्या की आजच उरकून टाका. कुणी बळीचं जनावर घरूनच घेऊन आले. कुणी कडेवर लेकरं आणली. आपण आजवर फक्त हुतात्म्यांच्या कथा ऐकत आलो, म्हणून हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. पण त्या वर्षी हुतात्मे थोडे होते आणि पडलेले पुष्कळ होते.

पडलेल्यांतही प्रकार होते. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला. काहींनी चिमूटभर धूप जाळला. आणि काहींनी यातलं काहीच केलं नाही. अधिकाऱ्याचे हात ओले केले आणि नुसता दाखला विकत घेतला. या तिसऱ्या गटाचं म्हणणं असं, की आम्ही देवाशी बेइमानी केलीच नाही; उलट ती करावी लागू नये म्हणून पदरचे पैसे मोजले.

डेशियस २५१ साली गॉथांशी लढताना मारला गेला. छळ थांबला. आणि मग हे सगळे लोक रविवारी मंडळीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आम्हाला परत घ्या, प्रभुभोजनाला बसू द्या.

त्यांच्या हातात आता दुसराच दाखला होता.

झालं होतं असं. छळाच्या काळात ज्यांनी येशूचं नाव नाकारलं नाही, तुरुंगवास भोगला, हाल सोसले, त्यांचा मंडळीत फार मोठा मान होता. हे लोक देवाच्या इतके जवळचे, की त्यांच्या शब्दाला स्वर्गात वजन आहे, अशी श्रद्धा होती. पडलेले लोक तुरुंगात जाऊन त्यांच्याकडून चिठ्ठ्या आणू लागले : अमक्याला आणि त्याच्या माणसांना मंडळीत घ्यावं. 'त्याच्या माणसांना' म्हणजे किती? वीस? तीस? कुणाला माहीत! शेवटी ल्युशियन नावाच्या एका तुरुंगवासीयाने तर सरसकट सगळ्या पडलेल्यांना शांती दिल्याचं बिशपलाच कळवून टाकलं. एक दाखला सरकारचा, देवाला सोडल्याचा. दुसरा दाखला वीरांचा, देवाकडे परतल्याचा. मधे पश्चात्ताप कुठेच नाही.

सिप्रियनला हे मान्य नव्हतं. पण त्याची पंचाईत बघा. ज्यांनी मार खाल्ला, त्यांना तो सांगणार की तुमच्या चिठ्ठ्या चालणार नाहीत. आणि हा स्वतः? हा तर लपून बसला होता! रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला जे पत्र धाडलं, त्यात लांडगा दिसताच कळप सोडून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाचा उल्लेख होता. टोमणा कुणाला होता, हे सांगायला नको. सिप्रियनचं उत्तर असं की मी गेलो, पण मंडळी सोडली नाही; पत्रांतून रोज तुमच्यातच आहे. ते खोटं नव्हतं, पण ठसठसणारं नक्कीच होतं.

तिकडे रोममध्ये नेमकं उलट टोक निघालं. नोव्हेशियन हा तिथला मोठा विद्वान धर्मगुरू. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्याने ग्रंथ लिहिला आहे. त्याचं म्हणणं असं, की ज्याने ख्रिस्ताला नाकारलं त्याला माफ करण्याचा अधिकार मंडळीला नाहीच. त्याने मरेपर्यंत पश्चात्ताप करावा, निवाडा देव करील, पण प्रभूच्या मेजावर त्याला जागा नाही. मंडळी पवित्र असली पाहिजे. २५१ मध्ये रोमने कॉर्नेलियसला बिशप निवडलं, तेव्हा नोव्हेशियनच्या बाजूच्यांनी नोव्हेशियनला वेगळा बिशप केलं आणि फूट पडली.

नोव्हेशियनला दुष्ट ठरवून पुढे जाऊ नका. शास्त्रवचनं त्याच्या बाजूनेही होती. जो मला माणसांपुढे नाकारील त्याला मी पित्यापुढे नाकारीन, हे प्रभूचे शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. एकदा प्रकाश मिळाल्यावर पतन पावलेल्यांबद्दल इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात जे आहे, ते वाचून आजही अनेकांची झोप उडते. आणि ज्या घरातला बाप कोठडीत मेला, त्या घराने शेजारच्या दाखलेवाल्याबरोबर एकाच भाकरीत वाटेकरी व्हायचं, हे सोपं होतं का?

सिप्रियन २५१ च्या वसंतात, ईस्टरनंतर, कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतल्या बिशपांची सभा भरली. या सभेने मधला, पण कठीण रस्ता धरला. सरसकट माफी नाही, सरसकट बंदीही नाही. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं ऐकायचं. आपणहून धावत गेलेला आणि हाल सोसता सोसता मोडलेला, हे एक नाहीत. सिप्रियनने एका पत्रात आणखी एक उदाहरण दिलं आहे : घरातल्या सगळ्यांवर संकट येऊ नये म्हणून एकटाच पुढे झाला आणि बळी देऊन आला, बायकामुलांना, आश्रितांना वाचवलं. त्याला कोणत्या मापाने मोजायचं? म्हणून निर्णय असा झाला, की ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांना चौकशी करून, पश्चात्ताप पाहून परत घ्यावं. ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घ पश्चात्ताप करावा, आणि मरणघडी आली तर त्यांना प्रभुभोजन नाकारू नये.

पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा सभेने आणखी एक पाऊल टाकलं : जे बळी देऊन पडले, पण तेव्हापासून मंडळीचं दार न सोडता रडत पश्चात्ताप करताहेत, त्या सगळ्यांना आता आत घ्या. कारण काय दिलं? ज्यांना आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारायचा कसा? लढाईला पाठवायचं आणि हत्यार द्यायचं नाही, असं कसं चालेल? मला वाटतं, तिसऱ्या शतकातला हा सगळ्यांत मोठा विचार आहे. प्रभुभोजन हे आजवर बलवानांना मिळणाऱ्या बक्षिसासारखं होत चाललं होतं. या सभेने सांगितलं, ते दुर्बळांचं अन्न आहे. ते खाऊन माणूस उभा राहतो.

पण एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ती हमखास विसरली जाते. माफी आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याच लोकांनी स्पष्ट सांगितलं. स्पेनमधल्या बॅसिलिडिस आणि मार्शियालिस या दोन बिशपांनी दाखले घेतले होते. त्यांना पुन्हा बिशपपद हवं होतं, आणि रोमचा बिशप स्टीफन त्यांना अनुकूल होता. सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या आफ्रिकी बिशपांनी ठाम नकार कळवला. पश्चात्ताप करा, मंडळीत सामान्य विश्वासी म्हणून या, पण कळपाची काठी पुन्हा तुमच्या हातात नाही.

सिप्रियनच्या गोष्टीचा शेवट अजून राहिला. त्याच काळात भयंकर साथ आली. सिप्रियनने लोकांना आजाऱ्यांच्या सेवेला लावलं, आणि फक्त आपल्यांच्याच नव्हे, छळणाऱ्यांच्याही, असं त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो. मग सम्राट व्हॅलेरियनचा छळ आला. सिप्रियनला आधी हद्दपार केलं, नंतर परत आणून प्रांताधिकाऱ्यापुढे उभं केलं. या वेळी तो पळाला नाही. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मरण्याआधी जल्लादाला २५ सोन्याची नाणी द्यायला त्याने आपल्या माणसांना सांगितलं. ज्याला लोकांनी २५० मध्ये पळपुटा म्हटलं, तो २५८ मध्ये रक्तसाक्षी झाला. नोव्हेशियनच्या मापाने २५० सालीच हिशेब मिटवला असता, तर? माणसाचा सगळ्यांत वाईट दिवस हा त्याचा शेवटचा दिवस नसतो.

पण मंडळी एवढ्यात शिकत नाही. पन्नासेक वर्षांनी सगळं पुन्हा घडलं.

फेब्रुवारी ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला : ख्रिस्ती लोकांची प्रार्थनागृहं पाडा, पवित्र शास्त्राच्या प्रती जप्त करून जाळा. आता कसोटी बळीची नव्हती, पुस्तकांची होती. १९ मे ३०३ रोजी आजच्या अल्जीरियातल्या सिर्टा गावात मंडळीची झडती झाली, त्याचा पंचनामा शिल्लक आहे. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, समया. आणि मग : बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड, बायकांचे ४७. पुस्तकं शोधायला आलेल्या कारकुनाने नकळत त्या मंडळीचं खरं वर्णन लिहून ठेवलं आहे. गरीब बायकांसाठी कपडे आणि वहाणा साठवणारी ही मंडळी होती! आणि त्याच मंडळीच्या सेवकांनी त्या दिवशी एकेक वस्तू काढून अधिकाऱ्यांच्या हाती दिली.

ज्यांनी पुस्तकं दिली त्यांना लॅटिनमध्ये 'ट्रॅडिटर' म्हणत, म्हणजे हाती सोपवणारा. इंग्रजीतला 'ट्रेटर' हा शब्द तिथूनच आला. छळ संपल्यावर कार्थेजला सेसिलियन बिशप झाला, तेव्हा विरोधकांनी म्हटलं, याच्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी फेलिक्स हा पुस्तकं देणारा होता. म्हणून सेसिलियन बिशपच नाही, त्याने दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही. या पक्षाचा पुढचा नेता डोनाटस, म्हणून त्यांना डोनाटिस्ट म्हणतात. चौकशी झाली, फेलिक्स निर्दोष ठरला. ३१४ साली आर्ल इथल्या सभेनेही सांगितलं, की दोषी माणसाने केलेली नेमणूकसुद्धा त्याच्या दोषामुळे रद्द होत नाही. पण फूट मिटली नाही. गावोगाव दोन बिशप, दोन वेद्या, दोन दफनभूमी.

आणि यातली वेदना बघा. ३२० साली दुसऱ्याच एका भांडणातून सिर्टाच्या डोनाटिस्ट बिशपाची, सिल्व्हानसची, चौकशी झाली. १७ वर्षांपूर्वीचा तो पंचनामा बाहेर काढला. त्या दिवशी वस्तू हाती देणाऱ्यांमध्ये हा सिल्व्हानस स्वतः होता! शुद्धांच्या मंडळीच्या बिशपपदावर बसलेला माणूसच पडलेला निघाला.

इथे ऑगस्टीन येतो. हिप्पोचा बिशप, तोही याच आफ्रिकेचा. त्याने जे उत्तर दिलं, ते आजही बहुतेक ख्रिस्ती पंथ मानतात. बाप्तिस्मा देणारा माणूस असतो, पण बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. तो माणसाच्या चांगुलपणावर टिकलेला नसतो, म्हणून त्याच्या वाईटपणाने बुडत नाही. आणि मंडळी हे गहू आणि निदण एकत्र वाढणारं शेत आहे. कापणीचा दिवस धन्याने स्वतःकडे ठेवला आहे.

हे उत्तर खरं. पण त्याच ऑगस्टीनने दुसरीही एक गोष्ट केली. सुरुवातीला तो म्हणत असे, विश्वासात बळजोरी नको. नंतर त्याचं मत बदललं. मेजवानीच्या दाखल्यात धनी चाकराला म्हणतो, लोकांना आग्रहाने आत आण; त्या वचनाचा आधार घेऊन त्याने सरकारी सक्तीचं समर्थन केलं. ४११ मध्ये कार्थेजला दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेच्या वर बिशप समोरासमोर बसले. निकाल सम्राटाच्या अधिकाऱ्याने दिला, आणि पुढच्या वर्षी डोनाटिस्टांवर दंडाचा कायदा आला. ज्या मंडळीने एकदा सम्राटाच्या हुकुमाखाली रक्त सांडलं, तीच आता सम्राटाचा हुकूम हातात घेऊन भावाच्या दारात उभी राहिली.

मग आज, बेळगावला असो, इंदूरला असो वा वसईला, रविवारी प्रार्थनेला बसणाऱ्या माणसाला यातून काय मिळतं?

पहिली गोष्ट त्याच्यासाठी, ज्याला कधीतरी हा प्रश्न छळतो : ज्या पाळकाने मला बाप्तिस्मा दिला, ज्याने आमचं लग्न लावलं, तो पुढे अप्रामाणिक निघाला, मग माझ्या बाप्तिस्म्याचं काय? उत्तर सोळाशे वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे. तुझा बाप्तिस्मा त्याचा नव्हता. तो शाबूत आहे.

पण हेच उत्तर दोषी माणसाला पांघरूण म्हणून वापरता येत नाही. मंडळीत पैशाचा गैरव्यवहार झाला, कुणाच्या लेकीबाळीशी वाईट वर्तन झालं, की लगेच आवाज उठतो : आपण कोण न्याय करणारे, देवाने माफ केलंय ना, बसू द्या त्यांना जागेवर. त्यांना त्या दोन स्पॅनिश बिशपांची गोष्ट सांगा. क्षमेचं दार उघडं आहे. जबाबदारीची खुर्ची ही वेगळी गोष्ट आहे. आणि गुन्हा झाला असेल, तर पश्चात्तापाची पहिली खूण म्हणजे कायद्याला सामोरं जाणं.

आणि शेवटची गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. दबाव आजही येतो. नोकरीचा, सोयरिकीचा, समाजाचा, भीतीचा. कुणी प्रार्थनेला येणं बंद करतं. कुणी कागदावर धर्माचा रकाना बदलतं. कुणी लोकांत विचारलं की विषय बदलतं. मग काही वर्षांनी एखाद्या नाताळला ते मागच्या बाकावर येऊन बसतात. त्या वेळी आपल्या माना वळतात. आपली कुजबुज सुरू होते. आपल्या प्रत्येकात एक छोटा नोव्हेशियन बसलेला आहे, आणि तो विद्वान आहे, वचनं पाठ असलेला आहे.

पाचव्या शतकातला चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस (अथेन्सचा तत्त्वज्ञ नव्हे) एक गोष्ट सांगतो. ३२५ साली निकियाच्या सभेला नोव्हेशियनच्या पंथाचा बिशप आसेसियस आला होता. त्याने सम्राट कॉन्स्टंटाईनला आपल्या पंथाची कडक शिस्त समजावून सांगितली. सम्राट म्हणाला, मग आसेसियस, एक शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ!

आपल्या मराठीत विश्वासी लोकांच्या समुदायाला 'मंडळी' हा शब्द रुळला, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटतं. घरी पाहुणे आले की आपण म्हणतो, मंडळी आली. त्यात थकलेले असतात, रुसलेले असतात, बऱ्याच दिवसांनी तोंड दाखवणारेही असतात. आपण त्यांच्याकडे दाखला मागत नाही. पाय धुवायला पाणी देतो, आणि ताट वाढतो.

पेत्राने तीनदा नाकारलं होतं. गालीलच्या समुद्राकाठी प्रभूने त्याला आधी न्याहारी दिली. प्रश्न त्यानंतर विचारला.